आठवड्यातले तीन दिवस

[दृश्य: रात्रीचा उसाचा फड. दूरवर चुलवणाचा उजेड.]

तोडलेला ऊस थांबत नाही. वेळेत चरकातून गेला नाही तर रस आंबतो, आणि मग काहिलीत कितीही आटवला तरी दाणा धरत नाही. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर हेच काम महिनोन्‌महिने, दिवसरात्र चाले. चरकात ऊस सरकवायला बहुधा बाया असत. पेंग आली आणि बोटं चरकाच्या रुळांमध्ये सापडली, तर हात तोडता यावा म्हणून शेजारीच कुऱ्हाड ठेवलेली असे.

[नकाशा: हिस्पॅनिओला बेट. पश्चिमेकडचा भाग उजळतो.]

हे सँ-दोमँग. म्हणजे आजचा हैती. १६९७च्या तहाने हिस्पॅनिओला बेटाचा हा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा फ्रान्सकडे गेला आणि शंभरेक वर्षांत ती जगातली सगळ्यात श्रीमंत वसाहत झाली. १७८९च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी जवळजवळ ४० टक्के साखर आणि निम्म्याहून जास्त कॉफी इथून जायची. बोर्दो आणि नांत या फ्रेंच बंदरांमधले दगडी वाडे या व्यापारावर उभे राहिलेत.

गोरे होते सुमारे ३०,०००. मिश्रवंशाचे आणि काळे पण मुक्त असलेले लोक जवळपास तेवढेच. आणि गुलाम सुमारे ५ लाख.

हा पाच लाखांचा आकडा फसवा आहे. इथे माणसं जन्मत होती त्याहून जास्त मरत होती. जहाजातून उतरलेल्यांपैकी कितीतरी जण पहिल्या काही वर्षांतच संपत. मळेवाल्यांचा हिशेब असा, की माणूस जगवण्यापेक्षा नवा विकत घेणं परवडतं. १७९१मध्ये इथले गुलाम उठले. त्या क्रांतीच्या आधीच्या काळात दरसाल ३०,००० च्या आसपास माणसं आफ्रिकेतून आणली जात. त्यामुळे १७९१मध्ये इथले बहुसंख्य गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते. काँगोकडच्या यादवीत लढताना पकडले गेलेलेही त्यांत बरेच. क्रांतीची कारणं सांगताना लोक आधी पॅरिसचं नाव घेतात. मी मात्र आधी हे सांगेन, की मळेवाल्यांनी हंगामामागून हंगाम स्वतःच्या पैशाने लढाईचा अनुभव असलेली माणसं विकत आणली आणि स्वतःच्या दारात वसवली.

धाक होता कायद्याचा. चौदाव्या लुईने १६८५मध्ये केलेल्या 'काळ्या संहिते'नुसार महिनाभर पळून गेलेल्या गुलामाचे कान कापायचे आणि खांद्यावर राजचिन्हाचा डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा मृत्युदंड. याच संहितेत मालकाने गुलामाला अन्न द्यावं असंही कलम होतं. ते मालकांना जड जायचं. मग त्यांनी पळवाट काढली. उसाला निरुपयोगी असा डोंगरउताराचा एखादा तुकडा गुलामाला लावायला द्यायचा. त्याने रविवारी तिथे राबून कसावा, रताळी, केळी पिकवायची आणि स्वतःचं पोट स्वतः भरायचं. उरलं तर बाजारात विकायचं.

हा तुकडा ध्यानात ठेवा. पुढची सगळी भांडणं, तोफा, राज्यघटना शेवटी या तुकड्यापाशी येतात.

[दृश्य: पॅरिस, १७८९. जुनी खोदचित्रं.]

पॅरिसमध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला, तेव्हा सँ-दोमँगमध्ये त्याचा सोयीचा अर्थ ज्याने त्याने लावला. बड्या मळेवाल्यांना फ्रान्सच्या व्यापारी निर्बंधांपासून सुटका हवी होती. मुक्त मिश्रवंशीयांपैकी अनेकांकडे मळे होते, गुलामही होते. त्यांना गोऱ्यांइतके हक्क हवे होते. त्यांच्यातल्या व्हँसाँ ओझेने १७९०मध्ये शस्त्र उचललं. गुलामांना सोडवण्याची भाषा त्याने केली नव्हती. तरी फेब्रुवारी १७९१मध्ये ल काप शहरात त्याला चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं. मालकवर्ग आपसात फाटलाय, हे मुदपाकखान्यात आणि तबेल्यात काम करणाऱ्यांनी रोज ऐकलं. पाहिलंही.

ऑगस्ट १७९१. उत्तरेच्या मैदानातल्या निरनिराळ्या मळ्यांवरचे प्रतिनिधी गुपचूप जमले. त्यांत मुकादम होते, गाडीवान होते. म्हणजे मालकाचा विश्वास असलेली, इकडून तिकडे फिरू शकणारी माणसं. तिथे एक कागद वाचून दाखवला गेला: राजाने आठवड्यातले तीन दिवस गुलामांना स्वतःचे म्हणून दिलेत, चाबूक बंद केलाय, पण इथले गोरे अंमल करत नाहीत. कागद खोटा होता. मागणी मात्र खरी होती. तीन दिवस स्वतःचे, म्हणजे तीन दिवस स्वतःच्या तुकड्यावर.

ब्वा कायमँच्या रानात देवतांना आवाहन करून शपथ घेतली गेली. पुढाकार बुकमन नावाच्या गुलामाचा होता. २२ ऑगस्टच्या रात्री मळे पेटले. पाचट, चरकघरं, कढया, गोदामं, सगळं. काही आठवड्यांत उत्तरेच्या मैदानातले शेकडो मळे राख झाले. गोरे मारले गेले; त्याच्या कितीतरी पट काळे मारले गेले. नोव्हेंबरमध्ये बुकमन पडला आणि त्याचं मुंडकं ल कापमध्ये टांगलं गेलं.

इथे एक कमी सांगितला जाणारा प्रसंग आहे. वर्षअखेरीस झाँ-फ्रांस्वा आणि बियासू या बंडाच्या सेनापतींनी तहाची बोलणी केली. काही शे पुढाऱ्यांना माफी आणि मुक्ती द्या, बाकीच्यांना आम्ही मळ्यावर परत पाठवतो. हो, असंच. मळेवाल्यांच्या सभेने तेही तुच्छतेने धुडकावलं. त्यांच्या ताठ्याने क्रांती वाचवली असं म्हणावं लागतं.

या बोलण्यांमध्ये मागे उभा असलेला एक माणूस होता तुसँ. ब्रेदा मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे मुक्त झालेला, घोड्यांचा आणि औषधी वनस्पतींचा जाणकार. स्वतः काही काळ गुलाम बाळगलेलाही.

[नकाशा: १७९३. बेटाभोवती ब्रिटिश आणि स्पॅनिश झेंडे.]

१७९३मध्ये ब्रिटन आणि स्पेन फ्रान्सविरुद्ध उतरले आणि वसाहत हातची जायची वेळ आली. बंडखोर स्पेनच्या बाजूला गेले होते. त्यांना ओढून घ्यायचं तर एकच गोष्ट देण्यासारखी उरली होती. २९ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रेंच आयुक्त सोंतोनाक्सने उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिसच्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनने, म्हणजे तिथल्या प्रतिनिधिसभेने, सगळ्याच फ्रेंच वसाहतींसाठी तो निर्णय घेतला. त्या सभागृहात सँ-दोमँगचा प्रतिनिधी म्हणून झाँ-बातिस्त बेले बसला होता, सेनेगलमध्ये जन्मलेला, एके काळी गुलाम असलेला. पॅरिसने उदार होऊन स्वातंत्र्य दिलं, ही कथा पाठ्यपुस्तकाला बरी दिसते. तारखा मात्र उलट्या क्रमाने बोलतात: आधी मळे जळले, मग कायदा आला.

तुसँ आता फ्रान्सच्या बाजूला आला. त्याने स्पॅनिशांना मागे रेटलं, ब्रिटिशांना १७९८मध्ये बेट सोडायला लावलं, आणि १८०१मध्ये वसाहतीची राज्यघटना जाहीर केली. इथे कोणी गुलाम असू शकत नाही, असं ती म्हणत होती. तुसँ तहहयात गव्हर्नर, असंही.

आणि मळे? ते चालू ठेवायचे होते. फौज पोसायला, बंदुका घ्यायला साखर-कॉफीशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं. म्हणून मुक्त झालेल्या माणसाने आपल्याच जुन्या मळ्यावर राबायचं, परवानगीशिवाय तिथून हलायचं नाही, मोबदल्यात उत्पन्नाचा चौथा हिस्सा. देखरेखीला लष्कर. आयुक्त पोल्व्हेरेलने आधीच असे नियम केले होते आणि बायकांचा वाटा पुरुषांहून कमी ठेवला होता. काम सारखंच तर वाटा कमी का, हा सवाल बायकांनी तेव्हाच केला होता.

ऑक्टोबर १८०१मध्ये उत्तरेतले शेतमजूर उठले. यावेळी तुसँविरुद्ध. ठपका आला त्याचाच पुतण्या मानला जाणारा सेनापती मोईझ याच्यावर. मोठ्या जमिनी सैनिकांना आणि रयतेला तोडून देण्याकडे त्याचा कल होता. तुसँने त्याला गोळ्या घालून मारलं. तुसँ मोठा माणूस होता यात मला शंका नाही. पण मोईझला मारल्यावर, काही महिन्यांनी नेपोलियनची जहाजं दिसली, तेव्हा ती रयत त्याच्यामागे पूर्वीसारखी धावली नाही.

[दृश्य: समुद्र. शिडांची रांग.]

१८०२च्या सुरुवातीला नेपोलियनचा मेहुणा लक्लेर वीसेक हजारांची फौज घेऊन उतरला. तुसँचा सेनापती क्रिस्तॉफ याने ल काप शहर त्याच्या हाती देण्याआधी पेटवून दिलं, त्यात स्वतःचं घरही. काही महिन्यांच्या लढाईनंतर मात्र एकेक सेनापती फ्रेंचांना मिळाला, देसालीनसुद्धा. जूनमध्ये बोलणी करायच्या निमित्ताने बोलावून तुसँला धरलं. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या फोर द झू किल्ल्यात, थंडीने, ७ एप्रिल १८०३ रोजी तो गेला.

डोंगरातल्या छोट्या टोळ्या मात्र शरण आल्याच नाहीत. काँगोत जन्मलेला साँ-सुसी हा त्यांचा एक म्होरक्या. मग ग्वादलूपहून बातमी आली की तिथे फ्रेंचांनी गुलामगिरी पुन्हा सुरू केलीये. त्या बातमीने जे केलं ते कुठल्याही भाषणाने झालं नसतं. सेनापती उलटले. तिकडे पिवळ्या तापाने फ्रेंच सैन्य पोखरलं. हताश लक्लेरने नेपोलियनला लिहिलं, की डोंगरातले सगळे काळे, पुरुष आणि बायका, मारावे लागतील. १२ वर्षांखालची मुलं तेवढी ठेवावीत. नोव्हेंबरमध्ये तोही तापाने मेला. त्याच्या जागी आलेल्या रोशांबोने क्यूबाहून माणसांवर सोडायला कुत्रे मागवले.

साँ-सुसीला मारलं ते फ्रेंचांनी नाही, क्रिस्तॉफच्या माणसांनी. नव्या सत्तेला आपल्याआधीपासून लढणारा माणूस नको होता.

१८ नोव्हेंबर १८०३, व्हेर्तियेर. देसालीनच्या सैन्याने फ्रेंचांना निर्णायक हरवलं. याच्या दोनच महिने आधी, २३ सप्टेंबरला, आपल्याकडे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांपुढे हरल्या होत्या. आपल्या इतिहासाच्या तासाला १८०३ म्हटलं की फक्त असई येते.

१ जानेवारी १८०४, गोनाईव्ह. स्वातंत्र्य जाहीर झालं आणि देशाला मूळ तायनो रहिवाशांचं नाव दिलं: हैती. पुढच्या काही महिन्यांत देसालीनच्या हुकमाने मागे राहिलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, काही हजार माणसांची, बायकामुलांसह. ते झाकून हा इतिहास सांगता येत नाही. फ्रेंच फौजेतून फुटून आलेल्या पोलिश सैनिकांना मात्र नागरिकत्व मिळालं. १८०५च्या घटनेने सगळ्या हैतीवासीयांना, त्या पोलिशांनाही, 'काळे' ठरवलं.

[नकाशा: हैतीतून निघणाऱ्या रेषा. लुईझियाना, क्यूबा, व्हेनेझुएला, मॉरिशस.]

परिणाम दूरवर गेले, आणि सगळे चांगले नव्हते. सँ-दोमँग हातून निसटत चालल्यावर नेपोलियनला अमेरिकेतल्या साम्राज्यात रस उरला नाही. १८०३मध्ये त्याने लुईझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकला. त्या जमिनीवर पुढे कापसाचे आणि उसाचे गुलामी मळे पसरले. साखरेची बाजारातली रिकामी जागा क्यूबाने भरली, आणखी गुलाम आणून. तिथे गुलामगिरी १८८६पर्यंत चालली. उलट हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेतियाँ याने १८१६मध्ये, स्पेनविरुद्ध दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पण पराभूत झालेल्या बोलिव्हारला बंदुका, जहाजं, माणसं दिली. अट एकच, मुक्त कराल त्या प्रदेशातले गुलामही सोडा.

मॉरिशस तेव्हा फ्रेंचांकडे होतं. गुलामगिरी रद्द करायला पॅरिसहून आलेले प्रतिनिधी तिथल्या मळेवाल्यांनी १७९६मध्ये परत जहाजात चढवले. सँ-दोमँगचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. ब्रिटिशांच्या अमलात १८३५मध्ये गुलाम सुटले, तेव्हा उसाला हात कमी पडले. ते हात हिंदुस्थानातून करारावर नेले गेले. काही मुंबई बंदरातून, कोकणातून आणि घाटावरून. मॉरिशसचा मराठी समाज त्यांचा वंशज आहे.

हैतीत मात्र रयतेने उसाकडे पाठ फिरवली. तिथे कुटुंबं डोंगरात शिरली. चार-पाच घरं, मधे अंगण, भोवती कसावा, केळी, कॉफीची झाडं. याला ते 'लाकू' म्हणतात. रविवारचा तो तुकडा आता सातही दिवसांचा झाला. १८२६मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्वायेने पुन्हा माणसांना मळ्यांशी बांधणारा कायदा केला. लोकांनी तो जुमानला नाही. साखरेची निर्यात नावापुरतीही उरली नाही.

ब्वायेला तो कायदा का लागला? १८२५च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या १४ युद्धनौका बंदरापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने १७ एप्रिलला काढलेला हुकूम घेऊन. स्वातंत्र्याला मान्यता हवी तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक भरा. भरपाई जिंकलेल्याने हरलेल्याला द्यायची. त्या नुकसानीत माणसांची किंमतही धरलेली. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसमध्येच ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं, आणि त्यातले २ कोटी ४० लाखच हातात आले. १८३८मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण कर्जावर कर्ज चढत गेलं.

पैसा यायचा कॉफीच्या निर्यातीवरच्या करातून. म्हणजे त्याच तुकड्यांवरून. मळ्यातून सुटून डोंगरात गेलेल्या माणसाच्या नातवाने आपल्या परसातली कॉफी तोडून, आपल्या आजोबाच्या जुन्या मालकाच्या वारसाला पैसे पोचवले.

पुढे सावकार बदलले. डिसेंबर १९१४मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. पुढच्या वर्षी देशच ताब्यात घेतला, १९३४पर्यंत. रस्ते बांधायला शेतकऱ्यांकडून वेठबिगार करून घेतली. त्या जुन्या कर्जाच्या साखळीतला शेवटचा हप्ता १९४७मध्ये फिटला.

१७ एप्रिल २०२५ रोजी, त्या हुकमाला बरोबर २०० वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष इमान्युएल मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचं आश्वासन त्यात नव्हतं.