पोल नऊ मीटरचा, काम सहा मीटरचं

(कोल्हापुरात काचसफाईच्या व्यवसायात नव्यानं येणाऱ्या मुलांसमोर दिलेलं व्याख्यान, शब्दांकन करून)

मंडळी, या धंद्यात उतरणारा प्रत्येक मुलगा मला पहिला प्रश्न एकच विचारतो. "दादा, सगळ्यात लांब पोल केवढ्याला मिळतो?" पोल म्हणजे जमिनीवर उभं राहून उंचावरची काच धुवायचा, टोकाला ब्रश असलेला लांब दांडा. मीही पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा हाच प्रश्न घेऊन गेलो होतो. दुकानदारानं काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, बारा मीटरचा पोल दाखवला. दाखवला तो मिटलेला. दोनेक मीटरचा जाडसर दांडका हातात आला, उचलून बघितला, हलका वाटला, पैसे मोजून घेऊन आलो.

पहिलं काम राजारामपुरीतल्या एका तीनमजली शोरूमचं होतं. पोल पूर्ण उघडला आणि वाऱ्यात उसाचा तुरा हलावा तसा वरचा ब्रश हलायला लागला. मी हात डावीकडं नेला की ब्रश क्षणभरानं डावीकडं जायचा, आणि मी थांबलो तरी तो थांबायचा नाही. काचेची एक पट्टी घासायची म्हटली तर अर्धी ताकद ब्रश जागेवर धरण्यातच जायची. तरी हट्टानं काम रेटलं. माझ्याबरोबर एक पोरगा होता, अंगानं तालमीतला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उजवा हात वर नेऊन केस विंचरता येईनात. खांदा धरला होता. पुढं दीड महिना तो कामावर येऊ शकला नाही. त्या मुलाच्या खांद्याचा दोष माझ्याकडं जातो, पोलकडं नाही, हे मी आज तुमच्यासमोर सांगतो. कारण त्या वर्षी आम्ही केलेली बहुतेक कामं दोन मजल्यांच्या आतली होती. बारा मीटरची गरज दोनदा की तीनदा पडली. बाकी सगळे दिवस आम्ही नको असलेलं वजन पेलत होतो.

ज्यांनी हे साधन अजून वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आतून पोकळ नळ्या एकात एक सरकणाऱ्या, त्यातून गेलेला बारीक पाइप, टोकाला ब्रश आणि ब्रशवर पाण्याचे जेट. माणूस जमिनीवरच उभा असतो. क्षार काढलेलं पाणी वर जातं, ब्रश घासतो, मग त्याच पाण्यानं काच धुवायची आणि तशीच सोडून द्यायची. वायपर मारायचा नाही, कापड लावायचं नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले. जे काम जमिनीवरून होण्यासारखं आहे त्यासाठी माणूस वर चढवू नका, हा त्यांचा गाभा. त्यानंतर तिकडं हे पोल झपाट्यानं पसरले. आपल्याकडं अजून शिडी आणि दोरच जास्त दिसतो. शिडीवरून पडलेला माणूस मी डोळ्यांनी बघितलाय, म्हणून पोलविषयी मी एवढं मन लावून बोलतो.

आता लांबीचा हिशेब करू. कागद काढा. आपल्याकडच्या नेहमीच्या इमारतीला जोतं साधारण दोन फूट, एकेक मजला दहा फूट, आणि खिडकीची वरची कड, म्हणजे लिंटेल, फरशीपासून सात फुटांवर. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीची वरची कड किती उंच? दोन, दहा, दहा आणि सात. एकोणतीस फूट, म्हणजे ८.८ मीटर. पोल काही भिंतीला चिकटून सरळ उभा राहत नाही, आपण भिंतीपासून लांब उभे असतो. नऊ मीटरचा पोल घेऊन तीन मीटर मागं उभं राहिलात तर त्याची उभी उंची साडेआठ मीटर भरते. पोलचा बुडखा कमरेशी असतो, तो एक मीटर त्यात धरा. झाले साडेनऊ. म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत नऊ मीटरचा पोल जेमतेम पण व्यवस्थित पुरतो. खाली पार्किंग असेल तर आठ-नऊ फूट वाढले, मग बारा मीटरशिवाय गत्यंतर नाही. आणि तळमजला अधिक पहिला मजला एवढंच काम असेल तर? दोन, दहा, सात, एकोणीस फूट, पावणेसहा मीटर. त्याला सहा मीटरचा पोल पुरतो.

आपापल्या मागच्या तीन महिन्यांच्या कामांची वही काढा आणि प्रत्येक इमारतीसमोर हा आकडा लिहा. माझ्या वहीत दहातली सात कामं सहा मीटरच्या आत निघाली. मग मी एकाऐवजी दोन पोल घेतले. रोजचा हलका सहा मीटरचा, आणि क्वचित लागणारा मोठा. लांब पोल अर्धा मिटवून वापरता येतो की, असं कुणी म्हणेल. येतो. पण त्याच्या जाड नळ्या आणि न उघडलेल्या भागाचं वजन हातातच राहतं.

आता पोल कशाचा घ्यायचा. अॅल्युमिनियम स्वस्त आणि ताठ, पण जड, आणि उंचीला मर्यादा. काचतंतू मधल्या किमतीचा, चिवट, पण लांब झाला की लवतो. कार्बन तंतू महाग, हलका आणि ताठ. हा फरक तंतूतच आहे. साध्या कार्बन तंतूचा ताठपणा काचतंतूच्या तिपटीच्या आसपास असतो, आणि वजन त्यापेक्षा कमी. दोन्ही मिसळून केलेले हायब्रिड पोलही मिळतात. माझा अनुभव सांगतो. सहा मीटरपर्यंत काचतंतू किंवा हायब्रिड चालून जातो. नऊ मीटर रोज लागणार असेल तर कर्ज काढून का होईना, कार्बन घ्या. हे मी श्रीमंतीपायी सांगत नाही, हिशेबानं सांगतो.

समजा ब्रश, जेट आणि जोड मिळून टोकाला अर्धा किलो आहे. ब्रश भिंतीपासून सुटला, पोल कलला आणि शेंडा तुमच्यापासून तीन मीटर पुढं गेला. तुमच्या दोन हातांत अर्ध्या मीटरचं अंतर आहे. अशा वेळी त्या अर्ध्या किलोला सावरायला वरच्या हाताला तीन किलोचा जोर लावावा लागतो. यात पोलचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही, ते वेगळं. म्हणून विकत घेताना एकूण वजनाआधी टोकाचं वजन विचारा. ब्रशचे शंभर ग्रॅम कमी झाले तर खांद्याला त्याच्या कितीतरी पट आराम मिळतो. रुंद ब्रशनं काम लवकर होतं असं वाटून मी एकदा मोठा ब्रश लावला होता. दुपारपर्यंत वेग उलट कमी झाला.

पाइपातल्या पाण्याचं वजन कुणी मोजत नाही. दहा मीटर लांबीच्या, आतून आठ मिलिमीटरच्या पाइपात अर्धा लिटर पाणी मावतं. तोच पाइप पाच मिलिमीटरचा घेतला तर पाव लिटरही मावत नाही, जेमतेम दोनशे मिलिलिटर. फरक तीनशे ग्रॅमचा, आणि तो उंचावर धरलेला. पाच-सहा मिलिमीटर आपल्या कामाला बास.

आपल्या मर्दानी खेळातली पोरं बघा. लाठी फिरवायला शिकणारा मुलगा नवी लाठी हातात आली की आधी ती मधोमध बोटांवर तोलतो, मग फिरवतो, मग ठेवतो किंवा घेतो. वस्ताद त्याला लाठी लांब आहे म्हणून घेऊ देत नाही. पोलही असाच तोलून घ्यायचा. दुकानात मिटलेला पोल उचलून काहीही कळत नाही. दुकानदाराला सांगा, मला अंगणात पूर्ण उघडून, ब्रश लावून, पाणी भरून दहा मिनिटं धरायचाय. नाही म्हणाला तर तिथून घेऊ नका. उघडताना सगळ्यात बारीक, वरची नळी आधी काढायची आणि मग एकेक करत खाली यायचं, म्हणजे पुढचा क्लॅम्प, नळी जागेवर घट्ट धरणारी पकड, नेहमी हाताशी राहतो. दहा मिनिटांत तुमचं मनगट आणि मान काय सांगते ते ऐका. बुडख्याची नळी मुठीत नीट मावते का, हेही तेव्हाच कळतं. माझी मूठ लहान आहे, जाड बुडख्याचे काही चांगले पोल मी केवळ त्यासाठी सोडले.

क्लॅम्पवर जरा थांबतो, कारण पोल मोडतो तो बहुतेक वेळा इथून. लिव्हरचे क्लॅम्प घ्या, ज्यांचा ताण स्क्रूनं कमी-जास्त करता येतो, आणि ज्यांचे सुटे भाग नंतर मिळतील याची खात्री आधी करा. आपल्या शिरोलीकडं, गोकुळ शिरगावकडं फाउंड्रीची बारीक वाळू हवेत असते. ओल्या नळीवर ती बसली आणि तशीच नळी आत सरकवली की सॅंडपेपर मारल्यासारखे ओरखडे येतात. आधी नळी घट्ट फिरते, मग सैल होते, आणि एक दिवस क्लॅम्प धरत नाही, वरची नळी सरकन खाली येऊन बोट चिमटते. म्हणून मिटवताना प्रत्येक नळी ओल्या फडक्यानं पुसून आत घ्यायची. संध्याकाळी घरी जायची घाई असते तेव्हाच हे चुकतं. कार्बनची नळी कुठं तडकली, सोलली तर उघड्या हातानं धरू नका, त्याची कुसं कातडीत शिरतात आणि काढायला फार त्रास होतो.

आपल्या गावात आणखी एक अडचण आहे, ती बाहेरदेशच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ती म्हणजे छज्जा. ताराबाई पार्कातले जुने बंगले घ्या, नाहीतर आतले वाडे पाडून झालेल्या अपार्टमेंट, खिडकीवर दीड-दोन फूट पुढं आलेला छज्जा आणि काचेपुढं लोखंडी ग्रिल. सरळ पोलचा ब्रश छज्जाखालच्या काचेला लागतच नाही. त्यासाठी टोकाला वाकवता येणारी मान लागते, आम्ही तिला मानच म्हणतो. ती ज्याला बसते तोच पोल घ्या. ग्रिल असेल तर मात्र हे काम पोलचं नाही, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा. पोल शोभतो तो शोरूमला, दवाखान्याला, हॉटेलला, काचेच्या दर्शनी भिंतीला. सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे ठिपके, सिलिकॉनचे ओघळ पोलनं निघत नाहीत. गळीत हंगामात गुऱ्हाळाची आणि कारखान्यात जळणाऱ्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी बसते, ती मात्र निघते, पण वर्षभर न धुतलेल्या काचेला पहिल्या वेळी दोनदा-तीनदा फिरवावं लागतं.

आणि पाणी. पोल कितीही भारी असला तरी बोअरचं पाणी लावलं तर काच वाळल्यावर पांढरे ठिपके उरणारच. पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत विरघळलेले क्षार आपलं मानक चालवून घेतं. काचेला ते चालत नाही. क्षार मोजायच्या मीटरवर आकडा दहाच्या खाली पाहिजे, शून्याजवळ असला तर उत्तम. बॅटरीत घालायचं पाणी जसं असतं तसं. घरचा आरओ लावून भागेल का, असं विचारतात. भागत नाही. तो तासाला पंधरा-वीस लिटर देतो आणि चव राहावी म्हणून पुष्कळ यंत्रांत थोडे क्षार परत मिसळलेले असतात. पोलला मिनिटाला एक-दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे तासाला साठ ते एकशेवीस. व्यावसायिक आरओ आणि त्यापुढं उरलेले क्षार काढणारी रेझिनची टाकी, ही जोडी लागते, आणि आदल्या रात्री टाकी भरून ठेवायची. वर पाणी चढवायला पंपही हवा. दहा मीटर उंचीला एक बारचा दाब नुसता चढण्यातच जातो. शेतात औषध फवारायला बॅटरीवरचा बारा व्होल्टचा जो पंप वापरतात, त्याच जातीचा पंप याला चालतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो पाठीवरच्या फवाऱ्यात आहे. विषारी औषधाची टाकी मात्र यासाठी वापरू नका, पंप नवा घ्या.

शेवटचं, आणि इथं जरा लक्ष द्या. कार्बन वीज वाहतो, अॅल्युमिनियमही. काचतंतू कोरडा असताना वाहत नाही, म्हणून काही विक्रेते त्याला सुरक्षित म्हणतात. पण आपला पोल कधीच कोरडा नसतो. आतून पाणी, बाहेरून पाणी, त्यात धूळ. म्हणून सगळे पोल वीज वाहणारेच समजायचे. नियमानं ११ किलोव्होल्टपर्यंतची तार इमारतीपासून आडवी १.२ मीटरवर असली तरी चालते. १.२ मीटर म्हणजे चार फूट. नऊ मीटरच्या पोलचा शेंडा एका झुळकीनं चार फूट सरकतो. वर बघितल्याशिवाय पोल उघडायचा नाही. तार जवळ असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्यायचा, नाहीतर ती बाजू सोडून द्यायची आणि ग्राहकाला तसं तोंडावर सांगायचं. काम हातचं जाईल. मी अशी कामं सोडलीत.

बाहेर अंगणात दोन पोल ठेवलेत, एक सहाचा काचतंतूचा, एक नऊचा कार्बनचा. दोन्हींना पाणी लावलंय. दोघादोघांनी या, एकानं धरायचा, दुसऱ्यानं फक्त वर बघायचं. रस्त्याच्या बाजूला खांबावरून तार गेलीय, तिकडं कुणी जायचं नाही. लिंबाच्या झाडाच्या अलीकडंच थांबा.