पत्रपेटीवरचं नाव

कात्री. चिकटपट्टी. वहीच्या पानाची बोटभर पट्टी, तिच्यावर निळ्या पेननं, ठळक अक्षरांत लिहिलेलं आडनाव.

बर्लिनमधल्या एका जुन्या इमारतीचा हा तळमजला. भिंतीवर पत्रपेट्यांची रांग. खालून दुसऱ्या ओळीतल्या या पेटीवर कालपर्यंत एकच नाव होतं. आज त्याच्याखाली दुसरं लागतंय.

ही मुलगी चार दिवसांपूर्वी इथं शिकायला आली. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे या सुमारास शहरभर अशा बॅगा ओढणारी मुलं दिसतात.

जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि माणसाचं नाव, बस. त्यात बर्लिनची ही जुनी घरं: रस्त्याकडची इमारत, मध्ये चौक, मागं आणखी एक इमारत. पोस्टमन शोधतो ते नाव. बेलच्या पाटीवर, पेटीवर. नाव सापडलं नाही, तर पत्र आल्या वाटेनं परत जातं.

आणि पहिल्या आठवड्यांत सगळं पत्रानंच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. आरोग्य विम्याचं कार्ड. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. आणि कर क्रमांक.

(निवेदन थांबतं. जिन्यातले आवाज.)

आता हा कागद नीट बघा. एकच पान. त्याचं जर्मन नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'; आपण घरमालकाचा कागद म्हणू. 'ही व्यक्ती या तारखेपासून या पत्त्यावर राहायला आली,' एवढंच त्यात लिहिलेलं असतं. १ नोव्हेंबर २०१५ पासून तो देशभर सक्तीचा आहे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नागरी कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा, म्हणजे 'आनमेल्डुंग' करायची, आणि तिथं हा कागद द्यायचा. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

ज्यानं राहायला जागा दिली, त्यानं हा कागद द्यायलाच हवा. तो स्वतः भाडेकरू असला आणि त्यानं एकच खोली पुढं दिली असली, तरीही. हा उपकार नाही, कायद्यानं त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. आम्ही हे मुद्दाम सांगतोय. कारण 'राहा, पण नोंदणी नको' असं बजावून खोली देणारेही भेटतात. ज्याला अजून दुकानात धड बोलता येत नाही, त्यानं त्यांच्याशी कुठल्या भाषेत भांडायचं?

हिला खोली देणाऱ्या बाईंनी चहाच्या टेबलावरच सही केली. तारखेत महिना चुकला. खोडाखोड नको म्हणून त्यांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून भरला.

ही कचेरी. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही भागातल्या कचेरीत नोंदणी करता येते, पण वेळ मिळवणं अवघड. रिकामी वेळ मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून ही सकाळीच निघाली. समोरच्या पडद्यावर नंबर बदलताहेत. मांडीवर पासपोर्ट, पासपोर्टात घडी घातलेला तो कागद. घडीवरून ती बोट फिरवतेय.

नंबर लागला.

बाहेर आली तेव्हा हातात नोंदणीचा दाखला होता.

ज्यांना घरमालकाचा कागद मिळत नाही, त्यांची नोंदणी अडते, तिच्यामागं कर क्रमांक अडतो. मग पगारातून सहाव्या वर्गानं, म्हणजे सर्वांत चढ्या दरानं कर कापला जाऊ शकतो. शिवाय मुदतीत नोंदणी न केल्याबद्दल १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, तो भाडेकरूलाच.

(चौकातलं झाड. पानं पिवळी पडलेली.)

पोस्टाची पिवळी सायकल. पोस्टमन पेट्यांवरून नजर फिरवतो. खालून दुसरी ओळ. थांबतो. वाचतो.

पाकीट केंद्रीय कर कार्यालयाचं आहे. जिन्यापर्यंतही न जाता तिनं ते तिथंच फोडलं. आत अकरा आकडे. ती एकेक आकडा ओठांतल्या ओठांत वाचते.

पट्टीचा एक कोपरा सुटलाय. अंगठ्यानं दाबून ती तो पुन्हा बसवते.