शेपटी खरं सांगते

पडद्यावर तीन सावल्या पोहताहेत. तिन्ही चातीच्या आकाराच्या. मधे फुगीर, टोकांना निमुळत्या. पाठीवर त्रिकोणी पर, बाजूंना वल्ही. भावंडंच म्हणाल!

पहिला शार्क, म्हणजे मासा. दुसरा डॉल्फिन, पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी. तिसरा इक्थिओसॉर, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी संपलेला सरीसृप. १८११-१२मध्ये इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या कड्यात जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग आणि तिच्या भावाला त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा लोकांना ती मगर वाटली होती.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यातून वेगानं जायचं, तर बेढब अंग चालत नाही. म्हणून तीन वेगळ्या घराण्यांतून जवळजवळ एकच आकार घडला. याला म्हणतात अभिसारी उत्क्रांती.

आता शेपटीकडे बघा. शार्कची उभी, डावी-उजवीकडे हलणारी. इक्थिओसॉरचीही उभीच. डॉल्फिनची मात्र आडवी, वर-खाली हलते. कारण त्याचे पूर्वज चार पायांवर चालणारे होते, आणि धावताना सस्तन प्राण्याची पाठ वर-खालीच वाकते. पाय गेले, पाठीची सवय राहिली.

उभ्या शेपट्यांतही गंमत आहे. शार्कचा कणा शेपटीच्या वरच्या पात्यात शिरतो, इक्थिओसॉरचा खालच्या. नुसती हाडं पाहणाऱ्याला ती मोडलेली शेपटी वाटावी. इक्थिओसॉरच्या पाठीवरच्या परात तर हाडच नव्हतं. जर्मनीत होल्झमाडेनच्या दगडांत कातडीचे ठसे मिळाले, म्हणून तो पर आपल्याला कळला.

आणि अभिसारी उत्क्रांतीचं आणखी एक उदाहरण, हा डोळा. माणसाचा नाही, ऑक्टोपसचा. बाहुली, भिंग, मागे दृष्टिपटल, सगळं आपल्यासारखं. आपला आणि त्याचा सामाईक पूर्वज ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याकडे असलेच तर उजेड-अंधार ओळखणारे साधे ठिपके. नीट दिसण्यासाठी आपलं भिंग फुगतं किंवा चपटं होतं. ऑक्टोपसचं पुढे-मागे सरकतं, कॅमेऱ्यासारखं.

आपल्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या पुढून जातात आणि एका जागी पटलाला भोक पाडून बाहेर पडतात. तिथे आपल्याला काहीच दिसत नाही; तो अंधबिंदू. ऑक्टोपसचे तंतू पटलाच्या मागूनच निघतात. अंधबिंदू त्याला नाहीच.