ढोलाचं पान आणि बारा इंची वूफर

(दृश्य: नाशिक, अंबड एमआयडीसी, सकाळची शिफ्ट. पॉवर प्रेसचा ठोका.)

पत्रा सरकतो, पंच खाली येतो, ठण्ण. आपला गडी या मशीनवर आठ तास उभा असतो. घरी गेल्यावर त्याला शांतता हवी असेल असं वाटतं ना? त्याला ब्लॅक सबाथ हवं असतं, हेवी मेटल वाजवणारा इंग्लंडचा बँड. तेही मोठ्यानं.

तसं यात नवल काही नाही. या बँडचा गिटारवाला टोनी आयॉमीसुद्धा बर्मिंगहॅमला पत्र्याच्याच कारखान्यात होता. 1965 साली मशीननं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पुढे त्यानं तारा सैल केल्या, सूर उतरवला. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी 82 हर्ट्झला बोलते, म्हणजे सेकंदाला 82 कंपनं. 1971 मध्ये ती 69 पर्यंत उतरली होती. बेस गिटार त्याच्याही एक सप्तक खाली, 35 च्या आसपास. स्पीकरला इतकं खाली उतरता यायला हवं, म्हणून तो घ्यायला निघताना हे आकडे खिशात हवेत.

(दृश्य: एम. जी. रोडवरचं दुकान. खोक्यांची थप्पी.)

"दादा, हजार वॉट आहे. बिल्डिंग हलेल!"

खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलेलं असेल तर त्या हजाराला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी ताकद, किती, ते विचारायचं. आणि त्याच्याही आधी सेन्सिटिव्हिटी: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात? 85 वाला स्पीकर जो आवाज 250 वॉट खाऊन काढतो, तोच 95 वाला 25 वॉटमध्ये काढतो. दहा डेसिबलला दहापट वीज, आणि कानाला आवाज वाटतो जेमतेम दुप्पट.

आणखी एक गैरसमज, जो काउंटरच्या दोन्ही बाजूंना भेटतो: अ‍ॅम्प (स्पीकरला वीज पुरवणारा अॅम्प्लिफायर) लहान घेतला की स्पीकर सुरक्षित. उलट लहान अ‍ॅम्प पिळला की आवाजाची लाट वरखाली छाटली जाते. क्लिपिंग म्हणतात ते हेच. त्यात जळतो तो बहुतेक वेळा ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर.

(दृश्य: गणपतीच्या आधीचा पथकाचा सराव, गोदाकाठ.)

पुढची गोष्ट नाशिककराला आलेख काढून समजवावी लागत नाही. ताशा कितीही बडवा, छातीत ठोका बसतो तो ढोलाचाच. पान मोठं, म्हणून हवा जास्त हलते. वूफरचं, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या शंकूचंही तसंच. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच जोरासाठी त्याच शंकूला चौपट पुढेमागे व्हावं लागतं. साडेपाच इंची वूफर 40 हर्ट्झला हा प्रयत्न करतो, त्याची धाव संपते, आणि ऐकू येते ती फडफड. बारा इंचीचं क्षेत्रफळ जवळपास पाचपट, तो तेच काम अंग न चोरता करतो. जेबीएलनं 1970 साली आणलेला एल100 बारा इंचीच होता, आणि जुने जोड लोक अजून शोधतात. बारीक अंगाचे उभे टॉवर स्पीकर दिवाणखान्यात शोभतात, नाही म्हणत नाही. पण शोभा आणि ठोका यांत निवडायचं झालं तर मी मोठं, ओबडधोबड खोकंच घेईन.

(दृश्य: सिडकोतलं घर. बारा बाय दहाची खोली. आपला गडी टेप घेऊन जमिनीवर.)

तर बारा इंची जोड आला. वापरलेला, पण शंकूची कड शाबूत. लावल्याबरोबर भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर नुसती घुमघुम, आणि खोलीच्या मध्यावर उभं राहिलं तर तोच बेस गायब! बिघाड स्पीकरमध्ये नव्हता. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंती 47 हर्ट्झची लाट अडकवून ठेवतात. तिचा जोर भिंतीपाशी, मध्यावर जवळजवळ शून्य. पडदे, गोधड्या टांगून वरचा कर्कशपणा कमी होतो. या लाटेला त्या दिसतच नाहीत.

ही लाट स्लॅबही ओलांडते. खालच्या काकू म्हणाल्या, "गाणं कुठलं लावतोस ते कळत नाही रे. नुसती धडधड येते, मांडणीतली ताटं वाजतात."

नियम काकूंच्या बाजूनं आहे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45.

कानाचाही एक हिशोब असतो. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या मर्यादेनुसार 85 डेसिबल आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला उरतात पंधरा मिनिटं. प्रेसवर कानात प्लग न घालता उभं राहिलं, तर ही दिवसाची शिल्लक शिफ्टमध्येच संपते. संध्याकाळी ऐकायला काही उरत नाही. आपला गडी हल्ली प्लग घालतो. कारण कंपनीचा सेफ्टीचा फलक नाही, बारा इंची वूफर आहे.

(दृश्य: संध्याकाळ. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, खाली रबराचे तुकडे.)

सोफा भिंतीपासून साडेतीन फूट पुढे आलाय. ठोका आता ठोक्यासारखा येतो, घुमत नाही. मात्र आईच्या कपाटाचं दार अर्धंच उघडतं. त्यावर बोलणी चालू आहेत.