अंधाराचे तेरा तास : राजमाचीवरचा एकट्याचा हिवाळी मुक्काम

मित्रहो, आजचा विषय पुण्या-मुंबईकडच्या, हाताशी फक्त शनिवार-रविवार असणाऱ्या माणसाचा आहे. पाठीवर सॅक घेऊन हिवाळ्यात घराजवळच्या डोंगरात एकट्याने एक रात्र काढायची असेल, तर तिची आखणी कशी करावी, एवढेच मला सांगायचे आहे. उदाहरणासाठी मी लोणावळ्याजवळची राजमाची घेतली आहे, कारण तिथे पोहोचायला स्वतःची गाडी लागत नाही, वाट सोपी आहे आणि किल्ल्याच्या पायथ्याशी उधेवाडी हे नांदते गाव आहे. पहिल्याच एकट्या मुक्कामाला निर्जन गडमाथा गाठणे मला शहाणपणाचे वाटत नाही. हाकेच्या अंतरावर माणूस असला, तरी एकटेपण काही कमी होत नाही.

आपण आखणी करायला बसतो तेव्हा बहुतेक वेळ चालण्याच्या विचारात जातो. वास्तविक लोणावळ्याहून तुंगार्ली धरणावरून उधेवाडीपर्यंतची सुमारे पंधरा किलोमीटरची चाल ही दिवसाच्या कोणत्याही भटकंतीसारखीच आहे. बराचसा भाग जीप जाते तेवढा रुंद, आणि चढ-उतारही बेताचा. या सहलीत वेगळी असते ती रात्र. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तेरा तास ऊन नाही. कोणीही धडधाकट माणूस तेरा तास झोपू शकत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आखणी सकाळपासून पुढे न करता संध्याकाळपासून मागे करत यावी.

सूर्यास्त सहाला धरला, तर तंबू उभा करणे, पाणी भरणे, कोरडे कपडे घालणे ही कामे पाचच्या आत संपलेली असावीत. त्याआधी राजमाचीच्या श्रीवर्धन या बालेकिल्ल्यावर जाऊन यायचे असेल, तर त्यासाठी दोन तास हवेत. म्हणजे उधेवाडीत दुपारी दोनपर्यंत पोहोचले पाहिजे. पाठीवर वजन आणि मध्ये जेवणाची विश्रांती धरून चालायला साडेपाच तास ठेवले, तर लोणावळा स्थानकातून साडेआठला पाऊल बाहेर पडले पाहिजे, आणि त्यावरून पुण्याहून कोणती लोकल पकडायची ते ठरते. या हिशेबात एखादा तास जास्तीचा आहे, आणि तो मुद्दाम ठेवला आहे. वाट चुकून परत फिरावे लागले, तर तो तिथे खर्च होतो. दुपारी एकलाही अर्धी वाट झाली नसेल, तर माघारी फिरावे. त्या वेळी लोणावळा उजेडात गाठता येते.

राजमाचीवर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. बोरघाटातून चालणाऱ्या व्यापारावर नजर ठेवायला ही जागा किती मोक्याची होती, हे श्रीवर्धनच्या बुरुजावर उभे राहिले की कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण हे सारे उजेडात पाहून घ्यावे आणि उजेडातच खाली उतरावे. किल्ल्यावर तंबू ठोकू नये. ती जुनी वास्तू आहे आणि तिथे वाराही मोकाट असतो.

आता थंडीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथे आहेत. उंचावर थंडी जास्त आणि खाली कमी, हा नियम दिवसा बऱ्यापैकी खरा असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री मात्र जमीन झपाट्याने उष्णता सोडते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि ती उतारावरून ओघळून सखल जागी साचते. महाबळेश्वरला एखाद्या वर्षी दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाकाठची, ती याच कारणाने. उधेवाडीजवळचा तलाव आणि त्याकाठचे महादेवाचे मंदिर फार देखणे आहे, आणि तंबू तिथेच लावावा असा मोह होणार हे मी जाणतो; पण पाण्याकाठी गारठाही जास्त आणि दवही जास्त. दोन बालेकिल्ल्यांमधल्या भैरवनाथाच्या खिंडीत याच्या उलट, वारा अंगातली ऊब काढून नेतो. तलावापेक्षा थोडी उंच आणि खिंडीपेक्षा आडोशाची जागा म्हणजे गावातले एखाद्या घराचे अंगण, आणि तिथे मावशींना किंवा काकांना विचारून तंबू लावता येतो.

अंगावर पांघरायला काय घ्यावे याची सगळे चौकशी करतात, अंगाखाली काय घालावे याची कोणी करत नाही. स्लीपिंग बॅगचा कापूस किंवा पिसे आपल्या वजनाखाली दबली की त्यांतली हवा निघून जाते आणि पाठ थेट जमिनीला ऊब देत बसते. म्हणून फोमची साधी चटई ही महागड्या जाकिटापेक्षा आधी घ्यायची वस्तू आहे. दुसरी गोष्ट घामाची. चालताना भिजलेला सुती शर्ट अंगावर ठेवून सूर्यास्त पाहत बसलात, तर पुढे कितीही कपडे चढवा, हुडहुडी जात नाही. पोहोचताच कपडे बदलावेत, आणि झोपण्याचे मोजे वेगळे ठेवावेत, ते चालताना घालू नयेत. पहाटेचा शेवटचा प्रहर सर्वांत गार असतो; त्या वेळी जाग आलीच, तर कुडकुडत पडून न राहता उठून लघवीला जाऊन यावे आणि गूळ-शेंगदाणे खावेत. शरीराला जाळायला काहीतरी हवे असते.

शेकोटीबद्दल मी जरा कडक आहे. दिवाळीनंतर सह्याद्रीतले गवत वाळून कोळ होते आणि एका ठिणगीने वणवा लागतो. राखीव जंगलाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हाही आहे. कातळात आग्या मोहोळे असतील, तर धुराने ती उठतात. गॅसचा डबा लोकलमधून नेता येत नाही, त्यामुळे चुलीचा प्रश्न आपोआप सुटतो. गावात आधी फोन करून पिठले-भाकरी सांगून ठेवावी. त्याने सॅक हलकी होते आणि पैसा गावात राहतो. पाणी मात्र तीन लिटर घरूनच न्यावे, कारण वाटेतले पावसाळी ओढे जानेवारीपर्यंत बहुधा आटलेले असतात.

तारीख निवडताना पंचांग पाहावे. शुद्ध दशमीपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी चंद्र वर असतो किंवा वर येत असतो, आणि हिवाळ्यातला पूर्ण चंद्र आकाशात बराच उंच चढतो. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते, तिच्या आसपासचा शनिवार एकट्या माणसाला फार सोयीचा. वद्य पक्षात तारे सुंदर दिसतात हे खरे, पण ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावेत. अवकाळीचा अंदाज असेल, तर बेतच रद्द करावा.

एकट्याच्या प्रवासात खरा धोका बिबट्याचा नसतो, मुरगळलेल्या पायाचा असतो. तिघांच्या गटात जी दुखापत गैरसोय ठरते, ती एकट्याला रात्रभर वाटेत बसवू शकते. म्हणून हेडलॅम्प, शिट्टी, क्रेप बँडेज आणि एक उबदार थर सॅकमध्ये सर्वांत वर असावेत. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर थांबणे, पुन्हा सहा वेळा, हा डोंगरातला संकटाचा संकेत आहे. फोन विमान अवस्थेत ठेवावा; नेटवर्क शोधत राहिला तर बॅटरी उतरते आणि ११२ लावायच्या वेळी तो बंद पडतो. कोंढाणे लेण्यांकडून कर्जतला उतरणारी वाट रानातली, उताराची आणि फाट्यांची आहे. पहिल्या खेपेला ती सोडून द्यावी आणि आलेल्या वाटेनेच परतावे, कंटाळवाणे वाटले तरी.

घरी एका माणसाजवळ कागद ठेवावा. जाण्याची वाट कोणती, उधेवाडीत कोणाकडे उतरणार, परत कधी येणार, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची, हे त्यावर स्पष्ट लिहावे. ठरलेली वाट आयत्या वेळी बदलू नये, नाहीतर शोध चुकीच्या दरीत सुरू होईल. लोणावळ्याला पोहोचल्यावर चहाच्या आधी त्या माणसाला फोन करावा. तो राहिला, तर इकडे तुम्ही लोकलमध्ये झोपलेले असाल आणि तिकडे स्वयंसेवक आपला रविवार सोडून तुम्हाला शोधायला निघालेले असतील.