गोष्टीतलं माणूस मेलं तर?

'मॉरोविंड', २००२चा व्हिडिओ गेम. भेटेल त्याच्यावर तलवार चालवायची मुभा. मुख्य कथेला लागणारं पात्र मारलं, की पडद्यावर सूचना झळकते: भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह (आधी साठवलेला खेळ) उघडा, नाहीतर या अभागी जगातच राहा. आणि खेळ पुढे चालू राहतो.

२००६च्या 'ऑब्लिव्हियन'ने ही वाटच बुजवली. तिथे महत्त्वाची पात्रं मरत नाहीत; बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने काही घडलंच नाही अशी उठून उभी राहतात. कथा वाचली, पण तलवारीचा धाक गेला.

खेळाडूला कुठेही भटकू देणाऱ्या अशा खेळात गोष्ट सांगायची, तर नकाशा केवढा आहे, हा प्रश्न दुय्यम. घोळ घालतो तो क्रम. खेळाडू आधी गावात शिरेल की गुहेत, लेखकाला कसं कळणार? म्हणून गेम प्रत्येक घटनेची नोंद 'फ्लॅग'मध्ये ठेवतो: घडलं किंवा नाही घडलं. असे नुसते दहा फ्लॅग घेतले तरी शक्यता होतात १०२४. तेवढे संवाद लिहायचे कुणी, रेकॉर्ड करायचे कुणी? मग संवाद गुळमुळीत होतात. सरदार जिवंत असो वा मेलेला, दुकानदाराच्या तोंडी तेच वाक्य.

'द विचर २'ने (२०११) खर्च सोसला. पहिल्या अंकाअखेर साथीला सैनिकी अधिकारी रोश निवडा किंवा बंडखोर योर्वेथ. दुसरा अंक वेगळ्याच गोटात सुरू होतो. एकदाच खेळणाऱ्याला त्यातला मोठा भाग दिसतच नाही.

'फॉलआउट: न्यू वेगस'ची (२०१०) युक्ती जास्त हुशारीची. जवळजवळ कुणालाही मारा, 'येस मॅन' हा रोबो शेवटपर्यंतची वाट उघडी ठेवतो. त्याला फोडलात, तर दुसऱ्या यंत्रात शिरून तितक्याच हसतमुखाने हजर! न मरण्याचं कारण कथेतच बसवलेलं.

उरते घाई. 'विचर ३'मध्ये नायकाच्या मानसकन्येला, सीरीला शोधायची तातडी, आणि खेळाडू खुशाल ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे डाव मांडून बसतो. १९९७च्या पहिल्या 'फॉलआउट'मध्ये ही चैन नव्हती. व्हॉल्ट या भूमिगत आश्रयस्थानाच्या पाणी-यंत्रणेची चिप आणायला १५० दिवस. चुकलात, की खेळ खलास. हब या गावातल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टकडे पाणी पाठवलं, तर आणखी १०० दिवस मिळतात. पण मूळ आवृत्तीत पाणी नेणाऱ्या याच तांड्यांमुळे व्हॉल्टचा ठावठिकाणा फुटतो आणि शत्रू असलेले म्युटंट (विकृत झालेले राक्षसी जीव) लवकर चालून येतात.