काकासाहेबांचं घड्याळ

पुणे, लॉ कॉलेज रोड. हे शांताराम तळं. आता फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. 1933 साली कोल्हापुरातलं बिऱ्हाड हलवून प्रभात फिल्म कंपनी आली ती इथंच.

व्ही. शांताराम म्हटलं की आज लोकांना रंग आठवतात, घुंगरू आठवतात, ‘पिंजरा’ आठवतो. आपण मात्र रंगांच्या आधीचे शांताराम बघणार आहोत. आमच्या मते खरे तेच.

हा डोळा पाहा. ‘अमृतमंथन’, 1934. राजगुरू झालेत चंद्रमोहन. जर्मनीहून परतलेल्या शांतारामांनी टेलिफोटो लेन्स वापरली आणि अख्खा पडदा एका डोळ्यानं भरून टाकला. तोंडातून शब्द निघायच्या आधीच धाक बसतो.

तीन वर्षांनी ‘कुंकू’.

(घड्याळाची टिकटिक)

काकासाहेबांच्या भिंतीवरचं हे घड्याळ. काकासाहेब म्हणजे केशवराव दाते, उतारवयातले बिजवर वकील. नीरा म्हणजे शांता आपटे, फसवून बोहल्यावर उभी केलेली. ती या नवऱ्याशी संसार करायला साफ नकार देते. आता नीट ऐका. पार्श्वसंगीत नाहीच. पडद्यावर जे वाजतं तेवढंच कानावर येतं. मग ही टिकटिक घरभर होते, आणि म्हाताऱ्याचं वय कुणी बोलून दाखवावं लागत नाही. माणसांनी बोलायचं ते वस्तूंकडून वदवून घ्यायचं, ही शांतारामांची खोडच. कधीकधी एकच खिळा ते दोनदा ठोकतात, हेही खरं.

नीरेची बाजू घेणारी ही सावत्र मुलगी, शकुंतला परांजपे. पडद्यावर समाजसेविका; पुढे संततिनियमनाच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणजे पडद्याबाहेरही तीच.

‘माणूस’, 1939. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. ‘कशाला उद्याची बात’ एकाच बैठकीत कितीतरी भाषांत फिरतं. प्रेमभंगानं दारू पिऊन मरणारा नायक तेव्हा भलताच लोकप्रिय होता. हा गणपत मरत नाही.

‘शेजारी’, 1941. पाटील आणि मिर्झा, जिवाभावाचे. हिंदी आवृत्तीत मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. ही अदलाबदल उगाच नव्हती. आणि हे धरण फुटतंय.

1942 साली शांतारामांनी प्रभात सोडली, मुंबईत स्वतःची राजकमल ही चित्रसंस्था उभी केली. प्रभात पुढे बंद पडली.

हा जुना स्टुडिओ. आत दिवे लागलेत, विद्यार्थ्यांचं शूटिंग आहे. कुणीतरी ओरडतं, “सायलेन्स!”